गिरगावचा ब्लॉक ते मोबाइल: फोटो लहान करताना काय जातं



मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. "आत्या, आत्याआजीचा फोटो मोठा करून फ्रेम करूया का? क्षमावणीला सगळे जमतील तेव्हा भिंतीवर असेल." मी लगेच हो म्हटलं. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होताच. दादरला फोटो छापून देणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने तो संगणकावर घेतला, दोनदा मोठा केला आणि मान हलवली. "काकू, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा आहे. ओरिजिनल आणा."

ओरिजिनल नव्हता. का नव्हता ते पुढे सांगते, आणि चूक सर्वस्वी माझीच आहे हेही आधीच सांगून टाकते. पण लालबागला घरी परतताना बसमध्ये मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी ब्लॉक करणाऱ्याची मुलगी. फोटो लहान केला की काय जातं, हे मला बी.कॉम.च्या आधीपासून माहीत असायला हवं होतं.

आजच्या मुलींना 'ब्लॉक' म्हटलं की राहायची जागा आठवते, नाहीतर मोबाइलवर कोणाला तरी बंद करणं. आमच्या घरात ब्लॉक म्हणजे छपाईचा ठोकळा. आप्पा सांगली जिल्ह्यातून मुंबईत आले आणि गिरगावातल्या एका कारखान्यात कॅमेऱ्यावर लागले. तो कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हता. माणसाएवढा, रुळांवर पुढेमागे सरकणारा. समोरच्या फळीवर फोटो लावायचा, दोन्ही बाजूंना कार्बनचे प्रखर दिवे पेटवायचे, आणि फिल्मच्या पुढे एक काच धरायची. त्या काचेवर आडव्याउभ्या बारीक रेघांची जाळी असे. तिला स्क्रीन म्हणत. जाळीतून घेतलेल्या फोटोचे ठिपके होतात: काळ्या भागात मोठे, उजळ भागात टाचणीच्या टोकाएवढे. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, नको तो भाग नायट्रिक ॲसिडला खायला द्यायचा, आणि उरलेला पत्रा लाकडावर ठोकायचा. झाला ब्लॉक. तो शिशाच्या टायपाशेजारी बसवला की अक्षरांबरोबर चित्रही छापलं जाई. आप्पांची बोटं ॲसिडने कायम पिवळी असायची. पानात वाढताना आई ती बोटं बघून दरवेळी म्हणायची, "हात धुतले का?" ते दरवेळी म्हणायचे, "तीनदा."

छपाईच्या शाईला करडा रंग माहीतच नाही. ती कागदाला लागते किंवा लागत नाही. करडेपणा आपल्या डोळ्यांत तयार होतो, कारण लांबून आपल्याला ठिपके सुटे दिसत नाहीत. या एका गोष्टीवर आप्पांचं सगळं घर चाललं.

ही युक्ती सापडण्याआधी फोटो चार लोकांपर्यंत पोचवणं फार जिकिरीचं होतं. आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे कॅमेरा इथे फार लवकर रुजला. पण फोटो छापणार कसा? विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून फोटोंचं एक मासिक काढलं. त्याच्या प्रत्येक अंकात तीन फोटो असत, आणि ते छापलेले नव्हे तर खरे फोटो, प्रत्येक प्रतीसाठी वेगळे काढून चिकटवलेले! जितके वर्गणीदार तितक्या वेळा तीन. हिशेब करून पाहा, असा धंदा किती दिवस परवडेल.

फोटो वाटायचा तर आधी त्याला लहान करा, ही अक्कल पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली लढवली. एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचे, कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो, त्याच आकाराचं नाव. खर्च खाली आला आणि लोक एकमेकांना पाकिटातून फोटो पाठवू लागले. मुंबईच्या स्टुडिओंतही ही कार्डं निघू लागली. म्हणजे पाठवण्यासाठी फोटो लहान करणं ही काही मोबाइलवाल्यांची कल्पना नाही.

जाळीची युक्ती १८८० च्या सुमारास जमू लागली. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० रोजी एका झोपडवस्तीचा फोटो हाफटोनमध्ये छापला. म्युनिकच्या माइझेनबाख यांनी १८८२ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढच्या वीसेक वर्षांत ती आपल्याकडे आली आणि तिला दोन विलक्षण माणसं भेटली. कलकत्त्याला उपेंद्रकिशोर रायचौधुरी. त्यांनी हाफटोनच्या गणितावर इतकं मूलभूत काम केलं की विलायतेतल्या छपाईच्या वार्षिकात त्यांचे लेख छापून आले. दुसरे आपले दादासाहेब फाळके.

फाळक्यांना आपण फक्त सिनेमामुळे ओळखतो. पण ते आधी ब्लॉकवाले होते. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी आणि हाफटोनचं तंत्र शिकले. गिरगावात १८९४ साली सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मांचा छापखाना, तिथेही त्यांनी काम केलं. मग दादरला स्वतःची छपाई थाटली, रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: दादरला काढलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. दादरच्या त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. आणि तिकडे उपेंद्रकिशोर कोणाचे आजोबा? सत्यजित रे यांचे. आप्पांना हा योगायोग फार आवडायचा. "ठिपक्यांतून डोळ्याला फसवता आलं की हलत्या चित्रांतून फसवायला कितीसा वेळ लागतो," असं ते म्हणत.

फाळके छपाईत होते त्याच सुमारास, १९०९ साली, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला. मासिकं, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, सगळ्यांत फोटो पोचले ते या ठोकळ्यांवर बसून.

आता व्यवहार सांगते, कारण तो मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. ब्लॉकचा दर चौरस इंचावर असे. सहा बाय चारचा फोटो म्हणजे २४ चौरस इंच. तोच तीन बाय दोन केला तर ६. लांबीरुंदी निम्मी, बिल पाव. म्हणून निधनवार्तेतला माणूस एका कॉलमात मावेल एवढाच असायचा, आयुष्यात तो केवढाही मोठा का असेना. आणि जाळी किती बारीक घ्यायची ते कागद ठरवी. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला ५५ ते ८५ रेघा, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५०. वर्तमानपत्राला बारीक जाळी वापरली तर शाई पसरून सगळा काळा लगदा. म्हणजे लहान फोटो आणि जाड जाळी हा स्वस्तातला मार्ग, आणि त्यात बारकावे जाणार हे धरून चालायचं.

पण आप्पांच्या कारखान्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोवर पेन्सिलची रेघसुद्धा ओढायची नाही. कुठे काटायचं, किती लहान करायचं, त्याच्या खुणा वरच्या पातळ कागदावर. ब्लॉक तयार झाला की मूळ फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून, दोरा बांधून परत.

आता त्या फोटोकडे येते.

१९६६ चं वर्ष. मी सहा वर्षांची. दशलक्षण पर्व संपलं होतं आणि क्षमावणीला आमच्या गिरगावातल्या बायका सी. पी. टँकजवळच्या हिराबागेत जमल्या होत्या. आत्याने दहाही दिवस उपवास केले होते. आत्या आप्पांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची. आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर वण. रात्री तिच्या कुशीत झोपताना मी त्या वणांवरून बोट फिरवायचे आणि ती म्हणायची, "मोज, म्हणजे झोप येईल." फोटो काढायला ती कधीच तयार नसे. त्या दिवशी उपवासवाली म्हणून सगळ्यांनी तिला मधे बसवलं, हातात नारळ दिला. खाली सहा बायका, मागे पाच. मी फोटोत नाही, फोटोग्राफरच्या पाठीमागे उभी होते. आत्याचा आयुष्यातला हा एकच फोटो.

तो नंतर समाजाच्या एका स्मरणिकेत छापायचं ठरलं आणि ब्लॉक आप्पांनीच केला. कागद साधा, म्हणून जाळी ६५ ची. स्मरणिका घरी आली तेव्हा आत्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. तिच्या गालांवर एकही वण नव्हता. आप्पांनी पुसले नव्हते, ते ठिपक्यांच्या मधल्या जागेत गेले होते. "बरी दिसतोय की गं मी!" ती आईला म्हणाली, कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका बोलतात तशी. आणि खूप हसली. ती स्मरणिका तिने स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. मूळ फोटो, वण असलेला, आप्पांनी फ्रेम करून भिंतीवर लावला.

इथे एक गोष्ट आपल्यासाठी म्हणून सांगते, इतिहासाच्या पुस्तकांत ती अशी कोणी सांगत नाही. जुने फोटो ज्या कागदावर निघत त्यावर आधी अंड्याच्या पांढऱ्याचा थर असे, नंतरच्या काळात जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला. ब्लॉकच्या पत्र्यावर चित्र उतरवायला माशांपासून केलेला सरस वापरत. आप्पांना हे माहीत होतं. आईला त्यांनी जन्मभर सांगितलं नाही. मला सांगितलं ते १९८० च्या दशकात, ऑफसेट छपाईने ब्लॉकचा धंदा बसला आणि ते घरी बसले तेव्हा. "तीनदा" हात का धुवायचे ते मला त्या दिवशी कळलं. मोबाइलच्या फोटोत यातलं काही नाही, एवढं एक समाधान.

२०१६ च्या भाऊबीजेला गिरगावात भावाकडे गेले होते. भिंतीवरच्या त्या फोटोचा मोबाइलने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात मोबाइल भरला. जागा करायची म्हणून सगळे फोटो पुसले. मनात म्हटलं, ग्रुपवर आहे की! परिग्रह कमी केल्याचं पुण्यही वाटलं असेल कदाचित.

दुकानातून आल्यावर मी वही घेऊन बसले. परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात कॉमर्स केलेलं आहे, आकडे घालून पाहिल्याशिवाय मला काही पटत नाही. तेव्हाच्या माझ्या मोबाइलचा फोटो ४१६० बाय ३१२० ठिपक्यांचा. म्हणजे साधारण १ कोटी ३० लाख ठिपके. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. सगळे लिहून ठेवले तर जवळजवळ ३९ एमबी. कॅमेराच ते दाबून सुमारे ४ एमबी करतो. ग्रुपवरून परत मिळालेला फोटो १२८० बाय ९६०, वजन १४० केबी. ३९ एमबीचा पावणेतीनशेवा हिस्सा. एवढं दाबलं तरी मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही, ही विद्या कोणाची?

ती बेंगळुरूला जन्मलेल्या एका माणसाची आहे. नासिर अहमद. तिथेच इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत गेले, कॅन्ससमध्ये प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं, कारण कल्पना फारच सोपी वाटली! त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि दुसरे भारतीय प्राध्यापक के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत त्यांनी लेख छापला. पुढे जगभरच्या तज्ज्ञांच्या एका समितीने फोटो दाबण्याची जी सर्वमान्य पद्धत १९९२ मध्ये ठरवली, तिच्या पोटात हेच गणित आहे. त्या समितीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आपण फोटोच्या फाइलला जेपेग म्हणतो.

गणित मी भाच्याकडून समजून घेतलं, माझ्या भाषेत सांगते. फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करायचे. त्यांना नाव काय, तर ब्लॉक! (आप्पा असते तर हसले असते.) प्रत्येक चौकोनाच्या ६४ ठिपक्यांऐवजी ६४ नवे आकडे काढायचे: पहिला त्या चौकोनाच्या एकूण उजेडाचा, पुढचे त्यातल्या चढउतारांचे, आधी ठळक चढउतार, शेवटी अगदी बारीक. इथपर्यंत काहीही जात नाही. मग प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या आकड्याने भागायचं आणि उत्तर राउंड करायचं. आणि गंमत इथे आहे. समितीच्या नमुना तक्त्यात पहिल्या आकड्याला १६ ने भागलंय, आणि सगळ्यात बारीक चढउताराच्या आकड्याला ९९ ने. ३० भागिले ९९, राउंड केलं की शून्य. अशी शून्यं ओळीने जमतात आणि 'पुढे सगळी शून्यं' एवढं लिहिलं की भागतं. मोकळ्या आकाशाच्या चौकोनाला दोनतीन आकडे पुरतात. रंगांच्या बाबतीत डोळा आणखी भोळा आहे, म्हणून रंगांची माहिती तर आधीच पातळ केलेली असते.

आपण हिशेबात पैसे सोडून रुपये धरतो तसंच हे. एकदा केलं तर कोणाचं नुकसान नाही. पण तोच फोटो उतरवून घेतला, कापला, त्यावर शुभेच्छा लिहिल्या, पुन्हा पाठवला, की पुन्हा राउंडिंग. आणि खतावणीतल्या बेरजेवरून पावत्या परत तयार करता येत नाहीत, हे तर आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

मी ग्रुपवरच्या फोटोत आत्याचा चेहरा मोजला. ६४ ठिपके रुंद, ८० उंच. आडवे आठ चौकोन, उभे दहा. ऐंशी चौकोनांत आमची आत्या. मोठी करून पाहिली तर गालांवर चौकोनांच्या कडा दिसतात, वण दिसत नाहीत. देवीचा वण म्हणजे बारीक चढउतारच ना. तो शून्यात गेला. आप्पांच्या ६५ च्या जाळीतून जो गळला तोच पन्नास वर्षांनी इथेही गळला.

मग भिंतीवरचा मूळ फोटो? २०१९ च्या जुलैत भावाच्या जुन्या इमारतीत भिंत गळली. फ्रेम आतून ओली झाली आणि जिलेटिनचा थर काचेला चिकटला. वहिनीने जपूनच काच उचलली, पण मधल्या चारही बायकांचे चेहरे काचेबरोबर निघाले आणि पुसताना गेले. तिला बिचारीला काय माहीत! स्मरणिका आत्याच्या ट्रंकेबरोबर कधीच गेली.

भाच्याने एक नवं ॲप लावून पाहिलं, चेहरा स्पष्ट करून देणारं. दोन मिनिटांत आत्या आली. तुकतुकीत गाल, नीटस भुवया, नाक सरळ. भाची म्हणाली, "छान आलाय." ती आत्याला कधी भेटलेली नाही. मला त्या बाईची ओळख पटेना. आत्या स्वतः असती तर तिला हाच फोटो आवडला असता, हेही मला माहीत आहे, आणि तरी मी तो फ्रेम करू दिला नाही.

आता घरात आप्पांचा नियम चालू केलाय. मोबाइलमधले मूळ फोटो आधी हार्ड डिस्कवर, 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि तीच डिस्क अजून एका डिस्कवर. ग्रुपला जाते ती प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२३ पासून एचडीची सोय आहे, पण तीही दाबलेलीच असते. फोटो जसाच्या तसा हवा तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाइल भरला तर प्रती पुसा.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी आज लिहायला बसले. १९६६ च्या त्या फोटोच्या अकरा प्रती काढल्या होत्या, प्रत्येकीला एक. आमची एक गेली, दहा कुठेतरी आहेत. त्या बायकांच्या मुली, सुना, नाती आज लालबाग-परळपासून ठाणे, पुणे, सांगलीपर्यंत पांगल्या आहेत, आणि तुमच्यापैकी काहीजणी हे वाचत असणार. आजीच्या ट्रंकेत, देवघराच्या मागे, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत एकदा बघा. खाली सहा, मागे पाच, मधलीच्या हातात नारळ. सापडला तर मोबाइलने फोटो काढून पाठवू नका. फ्रेममध्ये असेल तर काच उघडू नका, चिकटलेला असेल तर ओढू नका. फक्त कळवा. भाच्याला आणि स्कॅनरला घेऊन मी स्वतः येते.